एका झाडाला एक खिडकी

४ ऑक्टोबर

भाऊजी,

पोचले. वनखात्याचा बंगला तसाच आहे. दोन खोल्या, मागे नळ, पुढे ओटा. ह्यांची होती तीच खोली मला मिळाली, दुसरीत रंगाचे डबे भरून ठेवलेत. पलंगाच्या वर भिंतीत एक खिळा आहे. त्याला ते कॅमेरा लटकवायचे. मीही तिथेच लटकवला.

इथे फोन लागत नाही. टपालाची गाडी मंगळवारी आणि शनिवारी येते. रोल तिच्याबरोबर पाठवत जाईन. तुम्ही धुऊन सगळ्या फ्रेम छोट्या छोट्या छापलेली कॉन्टॅक्ट शीट परत पाठवा, म्हणजे एखादं बिघडलं तर मी इथे असेपर्यंत पुन्हा काढता येईल. फिल्मवर काम करायचा हट्ट ह्यांचा होता. आता तो आपल्या दोघांच्या गळ्यात आहे.

काम तुम्हाला माहीत आहे, पण एकदा लिहून टाकते, म्हणजे माझ्याच डोक्यात नीट बसेल. शेवाळलेल्या सालींचं पुस्तक, शंभर झाडं. त्र्याऐंशी ह्यांनी केली. शेवटची वही भिजून तिचा लगदा झाला आणि शेवटचा रोल कॅमेऱ्याचं झाकण उघडल्यामुळे फुकट गेला, असं तुम्ही सांगितलं होतंत. तेव्हा त्यापुढे त्यांनी काही केलं असलं तरी ते आपल्याकडे नाही. सतरा उरली. चौऱ्याऐंशीपासून मी सुरू करते.

पद्धत त्यांचीच ठेवणार. ढगाळ उजेड, ओलं शेवाळ. छातीच्या उंचीवर नखानं खरवडून अंगठ्याएवढी साल उघडी करायची. त्याला ते खिडकी म्हणायचे. सगळीकडे शेवाळ, मध्ये खिडकी, आणि माप कळावं म्हणून डाव्या कडेला स्वतःचा अंगठा. एका झाडाला एकच खिडकी, दुसरी कधी नाही. झाडाची माफी एकदाच मागता येते म्हणायचे. अंगठा मात्र मी ठेवणार नाही. प्रकाशकांनी पोलादी पट्टी दिली आहे. तिच्यावर मिलिमीटर आहेत आणि तिच्या नखावर तुम्हा भावांसारखे डेव्हलपरचे तपकिरी डाग नाहीत.

तुमची,
वहिनी


९ ऑक्टोबर

वहिनी,

पत्र मिळालं. फिल्म धुवायचा हायपो ताजा करून ठेवला आहे, तुमच्या रोलची वाट बघतो.

स्टुडिओ चालू आहे. काल एक गिऱ्हाईक पासपोर्टचे फोटो परत घेऊन आलं. म्हणे, यात मी म्हातारा दिसतो. मी म्हटलं, उद्याचा काढलाय, जपून ठेवा. हसला नाही. दादा असता तर त्यानं त्याला पुन्हा बसवून, दिवा जरा वर करून, दहा वर्षांनी लहान करून पाठवला असता. मला ते जमत नाही. मी अंधारातला माणूस. त्यानं माझं नाव घुबड ठेवलं ते उगाच नाही.

एक सांगू? चौऱ्याऐंशी सोडा आणि पंच्याऐंशीपासून सुरू करा. चौऱ्याऐंशीचा फेरा वाईट, म्हणतात. शेवटी कुठलंही एक झाड त्या आकड्यावर बसवता येईल.

गरम कपडे नेलेत ना? तिथली हवा अंगात मुरते.

— घुबड


१५ ऑक्टोबर

भाऊजी,

तुम्ही कधीपासून फेरे मानायला लागलात? मांजर आडवं गेलं तर मांजरालाच रस्ता विचारणारे तुम्ही. पण ऐकलं तुमचं. चौऱ्याऐंशीची ओळ रिकामी ठेवली आणि पंच्याऐंशीपासून सुरुवात केली. सोबतच्या रोलमध्ये पंच्याऐंशी, शहाऐंशी आणि सत्त्याऐंशी आहेत, प्रत्येकाच्या दहा-बारा फ्रेम.

बंगल्याच्या आसपास त्यांनी काढलेली झाडं सापडली. शेवाळ इतकं सावकाश वाढतं हे मला माहीत नव्हतं. वर्ष होत आलं, तरी खिडक्या उघड्या आहेत. एकोणऐंशी, ऐंशी, ब्याऐंशी. जुनी वही हातात धरून एकेका झाडापुढे उभी राहते. छातीच्या उंचीवर अंगठ्याएवढी साल, कडा अजून स्वच्छ. ब्याऐंशीच्या खिडकीत अंगठा घालून बघितला. मोठी होते मला.

इथला गार्ड नवीन आहे, या वर्षीच आला. मला एका झाडापुढे दीड तास उभी बघून म्हणाला, "बाई, झाड काय पळून जातंय का?" मी म्हटलं, उजेड पळतो. म्हणाला, "मग उजेडाचा काढा. झाडाला कशाला धरून ठेवलंय."

आता खरं ते लिहिते. पुस्तकासाठीच आले असते तर हे काम तुम्हालाही सांगता आलं असतं.

ते खालच्या रस्त्याच्या मोरीपाशी सापडले, तिसऱ्या दिवशी, रस्त्याच्या मजुरांना. थंडीनं हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. मी लोकांना सांगते, वाट चुकले. पण भाऊजी, मी ती मोरी बघून आले. तिथून वर बंगल्याचा दिवा दिसतो. ज्या माणसानं सतरा वर्षं रानं पालथी घातली तो दिसणाऱ्या दिव्याकडे येत नाही, हे मला कुणीतरी समजावून सांगा. वाट चुकले की वाट सोडली? एवढंच मला हवं आहे. उत्तर कुठलंही असू दे.

शेवटचे तीन महिने त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. "अगं", "ऐकतेस का", "इकडे ये जरा". एकतीस वर्षं भांडणातही नावानंच भांडलेला माणूस. मी विचारलं, काही चुकलं का माझं? म्हणाले, नाही. निघायच्या दिवशी बॅग खांद्याला लावून दारात उभे राहिले, माझ्याकडे बघत. काहीतरी बोलायचं होतं. मी म्हटलं, बोला ना. म्हणाले, "काही नाही," आणि गेले.

हे तुम्हालाच लिहू शकते.

वहिनी


२२ ऑक्टोबर

वहिनी,

रोल धुतला. शीट सोबत आहे. काम चांगलं झालं आहे. सत्त्याऐंशीच्या पाचव्या फ्रेममध्ये शेवाळाचा देठ न् देठ मोजता येतो.

शहाऐंशीत मात्र तुम्ही दादासारखा अंगठा ठेवला आहे. आठव्या फ्रेममध्ये, डाव्या कडेला. पट्टी हरवली की काय? हरवली असेल तर दुसरी पाठवतो.

दादा वाट चुकला. मी तेव्हाही हेच सांगितलं होतं. धुकं असलं की दिवा कुठून कसा दिसतो त्याचा भरवसा नसतो.

— घुबड


२९ ऑक्टोबर

भाऊजी,

पट्टी आहे. अंगठा मी ठेवलेला नाही. माझा एक हात कॅमेऱ्याचं बटण दाबायच्या केबलवर असतो आणि दुसऱ्यानं छत्री धरलेली असते, तिसरा हात मला अजून फुटलेला नाही. शीटवर भिंग लावून बघितलं. आठव्या फ्रेममध्ये अंगठा आहे खरा. नखावर डाग आहे. जुनी एखादी निगेटिव्ह माझ्या फिल्मच्या पट्ट्यांत मिसळली असणार. तुमचं टेबल मला माहीत आहे.

चौऱ्याऐंशीचं झाड सापडलं.

बंगल्याच्या मागून एक पायवाट ओढ्याकडे उतरते. दोनशे पावलांवर तिचं वळण आहे, आणि वळणावर एक जुनं झाड, कवेत न मावणारं. मी रोज त्याच्या पाठीकडून जात होते. पाठीकडे शेवाळ गालिचासारखं आहे. परवा ओढ्याकडून चढून येताना समोरून बघितलं. समोरची बाजू सगळी सोललेली. खांद्यापासून खालपर्यंत ठिपके ठिपके उघडे, जशी देवी आलेल्या माणसाची पाठ. काही ठिकाणी दोन ठिपके एकमेकांत मिसळलेत.

गार्डला दाखवलं. म्हटलं, हरिण खातं का शेवाळ? तो जवळ गेला, बोट फिरवलं आणि म्हणाला, "जनावर मापानं खात नाही, बाई. हे माणसाचं काम आहे. औषधाला साल नेतात कुणी कुणी." मग पुन्हा बोट फिरवून म्हणाला, "पण साल तर नेलेली नाही."

मला ते झाड बघवत नाही आणि त्याच्यापुढून हलवतही नाही. इतकी झाडं काढली, पण याला कुणीतरी काहीतरी विचारत राहिलं होतं असं वाटतं. याचाच फोटो चौऱ्याऐंशीला घालणार. खिडकी मी पाडली नाही. जागाच नाही. रोलमधल्या पहिल्या बारा फ्रेम त्याच्या आहेत, नीट बघा.

वहिनी


५ नोव्हेंबर

वहिनी,

निगेटिव्ह मिसळल्या असतील. टेबलाबद्दल तुमचं म्हणणं रास्त आहे.

अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद उत्तम. पहिल्या बारा फ्रेम मात्र हललेल्या आहेत. ट्रायपॉडचा पाय मऊ मातीत खचला असेल. त्यामुळे त्या शीटवर घेतल्या नाहीत.

तसंही ते झाड पुस्तकात शोभणार नाही. लोक पुस्तक विकत घेतात ते शेवाळ बघायला, सोललेलं झाड बघायला नाही. दुसरं निवडा.

थंडी वाढली असेल. संध्याकाळी त्या पायवाटेनं जात जाऊ नका.

— घुबड


११ नोव्हेंबर

भाऊजी,

पुन्हा काढलं. या वेळी ट्रायपॉडच्या तिन्ही पायांखाली चपटे दगड ठेवले. श्वास धरून केबल हलकेच दाबली. वारा नव्हता. एकूण वीस फ्रेम. बरोबर नव्वद, एक्क्याण्णव आणि ब्याण्णवचाही रोल आहे.

शोभेल की नाही ते प्रकाशक ठरवतील. तुम्ही फक्त धुवा.

या बुधवारी वर्ष झालं. सकाळी ओट्यावर बसले होते. गार्डनं न विचारता दोन कप चहा आणला, एक माझ्यापुढे ठेवला, एक बाजूच्या खुर्चीपुढे. मला वाटलं त्याला कुणी सांगितलं असेल. विचारलं तर म्हणाला, "ते दुसरे कुठे गेले? आत्ता तर पायवाटेनं वर आले." मी म्हटलं, कोण? त्यानं पायवाटेकडे बघितलं आणि दुसरा कप स्वतःच प्यायला. धुक्यात झाडंही चालतात, भाऊजी. मी त्याला पुढे काही विचारलं नाही.

वहिनी


१८ नोव्हेंबर

वहिनी,

वीसही फ्रेम हललेल्या.

बाकीचं शीटवर आहे. चौऱ्याऐंशी धरून राहिलेली नऊ झाडं इथे नदीकाठच्या राईत मिळतील. परत या.

— घुबड


२४ नोव्हेंबर

भाऊजी,

तुमचं पत्र वाचून दोन दिवस मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. वाटलं, नजर गेली. बत्तीस फ्रेम हलतात, आणि त्यासुद्धा एकाच झाडाच्या, म्हणजे माझ्यातच काहीतरी बिघडलं. गार्डला म्हटलं, माझे डोळे तपास. त्यानं चहाची पुडी बांधून आलेला वर्तमानपत्राचा तुकडा वीस पावलांवर धरला. मी मोठी अक्षरं वाचली. मग तो म्हणाला, "बारीक पण वाचा." बारीकही वाचलं. म्हणाला, "डोळे ठीक आहेत. मलाच दिसत नाही ते, मी उगाच धरून उभा."

मग मी वही-पेन्सिल घेऊन त्या झाडाकडे गेले आणि ठिपके मोजले. मिसळलेले वेगळे धरून. दोनदा मोजले.

छत्तीस.

शेवटच्या महिन्यांत आमचा छत्तीसचा आकडा आहे असं मी स्वतःशी म्हणायची. तीन आणि सहा, एकमेकांकडे पाठ करून बसलेले. तेच आठवलं आधी. मग आठवलं की एका रोलमध्येही छत्तीसच असतात.

प्रत्येक ठिपका अंगठ्याएवढा आहे. मी अंगठा घालून बघितला. मोठा होतो मला.

भाऊजी, तो रोल खरंच फुकट गेला का?

वहिनी


३ डिसेंबर

भाऊजी,

टपालाची गाडी दोनदा येऊन गेली. तुमचं पत्र नव्हतं. प्रकाशकांचं आलं, दूध डेअरीचं आलं, माझ्या मावसबहिणीचंही आलं, जिनं आयुष्यात कुणाला पत्र लिहिलेलं नाही.

मी इथेच आहे.

वहिनी


११ डिसेंबर

वहिनी,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं. ही पाचवी खेप. जमेल तसं लिहितो.

तुमच्या बत्तीस फ्रेमपैकी एकही हललेली नाही. सगळ्या एकदम स्पष्ट आहेत. ट्रेमध्ये कागद टाकला आणि लाल दिव्याखाली तो सोललेला बुंधा हळूहळू वर आला तेव्हा मी कागद पालथा घातला. तुमच्या नजरेवर संशय यावा असं लिहिलं, त्याची लाज वाटते. तुम्ही ते झाड सोडून द्याल, एवढंच मला हवं होतं.

रोल फुकट गेला नव्हता. वहीही भिजली नव्हती. वही त्याच्या आतल्या खिशात होती, कोरडी. कॅमेरा त्यानं कोटाखाली धरला होता. तिथल्या चौकीत सही करून मी दोन्ही ताब्यात घेतले. घरी आलो, तुम्ही आतल्या खोलीत बायकांमध्ये बसला होतात, आणि मी खाली डार्करूममध्ये जाऊन रोल धुतला. दुसरं काय करायचं ते मला सुचेना.

छत्तीस फ्रेम आहेत. छत्तीसही त्या एकाच झाडाच्या. प्रत्येक वेळी नवी खिडकी, प्रत्येक वेळी डाव्या कडेला अंगठा. सकाळच्या उजेडापासून शेवटच्या चार जवळजवळ काळ्या फ्रेमपर्यंत. दिवसभर तो त्या झाडापाशी आला, त्याला ते नवीन वाटलं, त्यानं खिडकी पाडली, फोटो काढला, वहीत नोंद केली आणि पुढचं झाड शोधायला निघाला. पुढचं झाड तेच होतं.

वहीत प्रत्येक नोंद चौऱ्याऐंशी आहे. एकाखाली एक, छत्तीस ओळी. प्रत्येक वेळी पुठ्ठ्यावर स्वतःच लिहिलेलं "त्र्याऐंशी झाली" बघून त्यानं पुढचा आकडा लिहिला, एवढंच मला कळतं. वरच्या ओळी त्याला दिसल्या नाहीत की दिसून कळल्या नाहीत, ते माहीत नाही. चौऱ्याऐंशीचा फेरा मी थट्टेनं लिहिला नव्हता.

त्या वर्षी जूनमध्ये डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी बरोबर होतो. विसरणं आणखी वाढत जाईल, आधी नावं जातील, मग जागा, म्हणाले. दवाखान्याच्या बाहेर त्यानं माझ्या चपला घातल्या, दहा पावलं गेला, थांबला आणि म्हणाला, "हिला सांगू नकोस. शंभर होऊ देत, मग मीच सांगतो." मी म्हटलं, मग मी तरी रानात बरोबर येतो. म्हणाला, "घुबडाला उजेडात काय दिसणार?" दोघंही हसलो. मी त्याला एकट्याला जाऊ दिला. हात विसरत नाहीत, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. ते खोटंही नव्हतं. त्या छत्तीसांत एकही फ्रेम हललेली नाही.

त्यानं तुम्हाला नावानं हाक मारली नाही, कारण नाव त्याला सापडत नव्हतं. तुमच्या ऑक्टोबरच्या पत्रात ते वाचलं तेव्हाच मी लिहायला हवं होतं. वर्षभर तुम्ही स्वतःला काय काय विचारत असाल, याचा मी विचार केला नाही. दिलेला शब्द पाळतो आहे असं मला वाटत होतं. ज्याला दिला तो गेला होता आणि राहिलेल्या माणसाला तो शब्द जाळत होता.

शीट आणि वहीचं पान दोन्ही सोबत आहेत. पान बघण्याआधी एक वाचा. वहीत त्याचे रकाने ठरलेले होते: क्रमांक, झाडाचं नाव, दिशा, उजेड. पहिल्या सहा ओळींत झाडाचं नाव बरोबर आहे. मग त्यातली अक्षरं गळत जातात. मग रकाना रिकामा. एकविसाव्या ओळीपासून तिथे तुमचं नाव आहे. सोळा वेळा. तुमच्या नावातली वेलांटी तो आयुष्यभर चुकवत आला. इथे एकदाही चुकलेली नाही.

आणखी एक. शहाऐंशीत अंगठा दिसला तेव्हा निगेटिव्ह मिसळल्या असतील असं मी म्हटलं. मिसळल्या नव्हत्या. फिल्मची अखंड पट्टी आहे, अलीकडे तुमची फ्रेम, पलीकडेही तुमचीच. एक्क्याण्णवमध्ये पुन्हा आहे. मी मोठा करून बघितला. नखावर डाग आहे. मी दुसऱ्यांनी काढलेलं धुतो फक्त, वहिनी.

रागवा. परत यायचं तेव्हा या.

धाकटा


२३ डिसेंबर

भाऊजी,

पाकीट मंगळवारी मिळालं. उघडलं शनिवारी.

मग दोन दिवस तुमच्यावर रागावले होते. बाहेर पडले नाही. गार्डनं दारावर टकटक केली. "बाई, आज झाडं नाहीत का?" मी म्हटलं, आज माणसं आहेत. म्हणाला, "मग चहा लागेल," आणि गेला.

तिसऱ्या दिवशी शीट आणि भिंग घेऊन झाडाकडे गेले. एकेक फ्रेम एकेका खिडकीशी जुळवली. पहिली छातीच्या उंचीवर आहे, व्यवस्थित, सरळ कडांची. मग त्या समोरच्या बाजूवर आडव्या सरकत जातात. पंचविसाव्यानंतर खाली येतात. तोवर ते बसले असणार. छत्तिसावी मुळापाशी आहे. तिच्यापाशी मी गुडघे टेकून बसले. तिथून मान वर केली की बंगल्याचा दिवा दिसतो, फांद्यांमधून, सरळ. धुकं असतानाही दिसतो. त्यांनाही दिसला असणार. पण आपल्याला घर आहे हेच आठवत नसेल, तर दिवा म्हणजे नुसता उजेड. त्यांनी त्याचा फोटोसाठी उपयोग केला असता फार तर. मग अंधारात ओढ्याच्या कडेनं उतरत खाली मोरीपर्यंत गेले असणार.

तेव्हा वाट सोडली नव्हती. हे मला मिळालं.

दारात उभे होते ते माझं नाव शोधत होते. मी म्हटलं, बोला ना. मी नाव सांगायला हवं होतं. पण एकतीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याला आपलं नाव कोण सांगतं?

तुम्हाला माफ केलं की नाही ते मला अजून माहीत नाही. परत आल्यावर एका टेबलावर बसून छपाईचं बघू, तेव्हा कळेल. जूनमध्ये मला सांगितलं असतंत तर मी त्यांना घराबाहेर पडू दिलं नसतं. ते खिडकीपाशी बसून राहिले असते आणि मी रोज सकाळी त्यांना सांगितलं असतं, मी अमुक, तुमची बायको. तसं बरं झालं असतं की हे, याचा विचार करते आणि मध्येच सोडून देते. पण तो विचार करायचा हक्क माझा होता. तो तुम्ही घेतलात. एवढं लिहून ठेवते.

आता पुस्तकाचं. चौऱ्याऐंशीला माझा फोटो नको. त्यांची एकविसावी फ्रेम घ्या. चौकट कापू नका, अंगठा पूर्ण दिसू दे. मागच्या यादीत झाडाच्या नावाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं तेच छापा, वेलांटीसकट. प्रकाशक म्हणतील चूक आहे, या नावाचं झाड नाही. म्हणू देत. यादीच्या खाली शुद्धिपत्र घालायला निघाले तर तुम्ही आडवे या. तेवढं तुमच्याकडे लागतं.

शेवटचा रोल सोबत आहे. शंभरावं आज सकाळी झालं. पट्टी मी बंगल्यावरच ठेवून गेले होते. या फ्रेममध्ये डाव्या कडेला अंगठा दिसेल, नख स्वच्छ. तो माझा आहे.

त्याआधीच्या अंगठ्यांचं मला विचारू नका.

वहिनी